हिब्रूचं माहेरचं नाव

“तुले घरी काय म्हणतात?”

आमच्या सक्करदऱ्याच्या ऑफिसात कुणी नवा माणूस आला, की आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या, ताई, चष्मा कपाळावर चढवून हे विचारत. समोरच्यानं लाजत ‘गोलू’ किंवा ‘बबली’ म्हटलं की त्यांचं समाधान होई. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याला कागदावरचं नाव पुरत नाही.

आमचं काम मोबाइलच्या ॲपमधला मजकूर निरनिराळ्या भाषांत बसवण्याचं. त्या भाषा आम्हाला येत नसत. भाषांतरं बाहेरून येत. आम्ही ती फक्त आपापल्या कोडच्या कप्प्यात ठेवायचो. अशा प्रत्येक भाषेला जगभर ठरलेली दोन अक्षरं असतात, तोच तिचा कोड. मराठीला एम-आर, डॅनिशला डी-ए. फोन ती अक्षरं मागतो आणि त्या कप्प्यातला मजकूर दाखवतो.

एकदा तक्रार आली. डॅनिश सगळीकडे व्यवस्थित, हिब्रू मात्र काही जुन्या फोनांवर गायब. तिथे नुसती इंग्रजी. मी दोन्ही कप्पे शेजारीशेजारी उघडून सकाळभर ताडून पाहिले. फरक काही सापडेना. डोकं पिकलं तेव्हा ताईंनी खुर्ची ओढली.

त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझा चहा थंड झाला. डॅनिश माणूस आपल्या भाषेला डान्स्क म्हणतो, म्हणजे घरी काय नि बाहेर काय, डी-ए हीच अक्षरं. हिब्रूवाले मात्र आपल्या भाषेला इव्रित म्हणतात. त्यावरून, ‘व्ह’साठी जर्मन पद्धतीनं डब्ल्यू धरून, तिचा आधीचा कोड आय-डब्ल्यू होता. पुढे तो बदलून इंग्रजी नावावरून एच-ई केला.

“जुने फोन अजून माहेरच्याच नावानं हाका मारून राहिले,” ताई म्हणाल्या. “आपण त्या नावाचा कप्पाच नाही ठेवला.”

साहेबांना मात्र एका भाषेचे दोन कोड म्हणजे नसता पसारा वाटत होता. जुने फोन आज ना उद्या बंद पडतील, तेव्हा जुनं नाव नकोच, असं त्यांनी सांगितलं.

त्याच आठवड्यात ताईंच्या भावाचा फोन आला. ताईंची आई इतवारीत भांड्यांच्या गल्लीत त्याच्याकडे राहायची. तिला विसर पडू लागला होता, पण आमच्या ऑफिसचा नंबर पाठ होता. भावानं सांगितलं, तिनं दुपारी इथे फोन करून लेकीला बोलवायला सांगितलं होतं, तेही माहेरच्या नावानं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ताईंचं नवं नाव लिहिलं गेलं, ते ती विसरून गेली होती. रिसेप्शनवरच्या नव्या मुलीनं सांगितलं, अशी इथे कुणी नाही. म्हातारी दुपारभर रडत होती.

ताई दुसऱ्या दिवशी आल्या त्या सरळ रिसेप्शनवर गेल्या आणि आपली दोन्ही नावं त्या मुलीकडून वदवून घेतली. मग साहेबांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

“सासरचं नाव मले आवडते, सर. पण माय त्या नावानं मले वळखतच नाही. तिले ‘कोणी नाही’ काहून सांगाचं? मजकूर एकच ठेवा. दोन्ही नावानं उघडू द्या.”

साहेब ‘करा’ म्हणाले. संध्याकाळी एका जुन्या फोनवर उजवीकडून डावीकडे जाणारी ती अक्षरं उमटली. आम्हाला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं, तरी आम्ही दोघी लहान मुलांसारख्या हसलो.

नंतर आईचे फोन येत राहिले. त्या नावाची हाक आली की ताई हातातला डबा टाकून धावत आणि रिसीव्हर घ्यायच्या आधीच ‘ओ माय’ म्हणत. एका हिवाळ्यात ते फोन थांबले. तेराव्यानंतर ताई कामावर आल्या. रिसेप्शनवरची घंटी वाजली की त्यांची मान वर होई, मग पुन्हा खाली. ते बघवत नसे.

यंदा त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडे हैदराबादला निघाल्या. निरोपाचे हारतुरे झाले. त्या जिना उतरू लागल्या तेव्हा मला राहवलं नाही. मी वरून त्यांना माहेरच्या नावानं हाक मारली.

“ओ,” असं त्यांच्या तोंडातून निघून गेलं आणि त्या जागीच थांबल्या. कठड्यावर हात ठेवून, मागे न वळता म्हणाल्या, “अजून एकदा म्हण वं.”

मी पुन्हा हाक मारली.