घरच्या मैदानावरचा चॅम्पियन

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा माझा मोठा भाऊ बॉक्सिंगचा चॅम्पियन होता. सगळ्या लढती तो आमच्या कामगार कॅम्पच्या मैदानावरच लढला. बाहेरून आलेला बॉक्सर वरचढ ठरू लागला की आम्ही डांबराचे रिकामे ड्रम बडवायचो, आणि पंच बिचकून निकाल दादाच्या बाजूने द्यायचे. ठेकेदारांच्या दडपशाहीविरुद्ध पत्रकं लिहिणारा मी त्यात सगळ्यांत पुढे.

एकदा जेवताना मी विचारलं, "दादा, तू बाहेर लढाले कावून नाही गेला? पस्तावा नाही वाटत?"

"वाटते ना," तो म्हणाला. "बाहेर हरलो असतो तरी चाललं असतं. आता मलेच समजत नाही, मी जिंकलो का तुमचे ड्रम."

आई हसली. तो हसला नाही. मला ताटावरून मान वर करायची लाज वाटली.