आतून फुटलेलं

तेलगावच्या रस्त्याला आमचं वेल्डिंगचं दुकान, मागे घर. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला यायच्या. त्या दुपारी मी मोरीत कपडे धूत होते आणि हे पुढे डिझेलचं जुनं पिंप कापत होते. पिंप रिकामं होतं, पण आत वाफ कोंडलेली.

धडाका झाला तशी मोरीची भिंत हादरली. धावत गेले तर हे जळत होते. अंगातला सदरा पेटलेला, आणि उठून पळावं तर उजवी मांडी भलतीकडेच वळलेली. पिंपाचं झाकण उडून डाव्या कुशीत आदळलं होतं. मी बादलीतली ओली चादर घेऊन ह्यांच्यावर पडले. आग विझली. चादर काढायला गेले तर तिच्याबरोबर ह्यांच्या हाताचं कातडं सोलून आलं.

दिरांनी पिकअपमध्ये घातलं. माजलगावपर्यंत प्रत्येक खड्ड्याला हे गुरासारखे ओरडत होते. मग आवाज बंद झाला.

"वहिनी, दुखायचं कमी झालं वाटतं," दीर म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

दवाखान्यात सगळे भाजलेल्या छातीला, हातांना औषध लावायला लागले. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला. पोट फळीसारखं कडक झालेलं.

"नुसतं भाजल्यानं माणूस इतक्या लवकर पांढरा पडत नाही. आत रक्त सांडतंय. पोट उघडावं लागेल, आत्ताच्या आत्ता."

झाकणाच्या मारानं पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती. ती काढून टाकली. मांडीत सळई नंतर घातली.

जीव वाचला, पण खरी मारामारी पुढे बीडला झाली, ड्रेसिंगच्या खोलीत. चिकटलेली पट्टी सोडवताना मी ह्यांना दाबून धरायची. हे चावायचे, चांगल्या पायानं लाथा मारायचे. माझ्या दंडावर दात उमटलेले असायचे. एकदा लाथ अशी लागली की मी सलाईनच्या स्टँडवर जाऊन आपटले.

"कावून वाचवलंस मला? जळू द्यायचं व्हतं!"

मी उठले आणि ह्यांच्या न भाजलेल्या गालावर एक ठेवून दिली. नर्सबाईंच्या हातातला चिमटा खाली पडला.

"तुमच्यासंगं मी बी जळलेय," मी म्हणाले. खरंच, आग विझवताना माझे दोन्ही तळहात भाजले होते. तोवर कुणी बघितले नव्हते, ह्यांनी तर नाहीच.

ह्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "पाणी दे."

पुढच्या पट्टीलाही ओरडले, पण लाथ मारली नाही.

आता काठी घेऊन चालतात. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नाहीत. उन्हाळ्यात व्रण इतके खाजतात की रक्त येईपर्यंत ओरबाडतात. मी जबरदस्तीनं नखं कापते. "लई छळतीस," म्हणतात, आणि दुसरा हात पुढे करतात.