चुन्याच्या रेघेअलीकडे

मी धारूरचा. एअर फोर्समधून सार्जंट म्हणून रिटायर झालो आणि सगळी नोकरी जमिनीवर केली. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचं तोंड पडतं. त्याला वाटलेलं असतं, मी विमान उडवत होतो. विमान उतरलं की त्याला हातांच्या खुणा करून जागेवर आणायचं आणि तोवर रनवेवर माणूस, जनावर, गाडी काही येऊ द्यायचं नाही, हे माझं काम. आकाशात विमान पायलटच्या ताब्यात. खाली आलं की त्याच्या पंखांची, चाकांची आणि आजूबाजूच्या माणसांची काळजी आम्ही वाहायची.

नोकरीच्या शेवटच्या काळात मला आपल्याच बीड जिल्ह्यात ड्यूटी लागली. त्या पावसाळ्यात नद्या गावांत शिरल्या, पूल वाहून गेले, आणि सिरसाळ्याच्या बाजूला एका माळावरची जुनी धावपट्टी तेवढी कोरडी राहिली. औषधं आणायची आणि अडकलेले पेशंट मोठ्या दवाखान्यात पोचवायचे, म्हणून आमची छोटी तुकडी तिथं पाठवली. तुकडीत बीडचे आम्ही दोघंच. मी आणि कॉर्पोरल भागवत. भागवत पाटोद्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बोलायला लई गोड आणि कामाला खमका. मला तो धाकट्या भावासारखा होता.

पट्टीची अवस्था काय सांगावी! एरवी लोक तिच्यावर सोयाबीन वाळत घालायचे, पोरं मोटारसायकल शिकायची. पहिल्याच सकाळी एक शेळ्यावाला अडून बसला. म्हणाला, त्याचा आजा इथंच शेळ्या चारायचा, विमान कालचं हाय. मी आवाज चढवणार तेवढ्यात भागवतनं कळपातला म्होरक्या बोकड हेरला, त्याला कानाला धरून पट्टीबाहेर नेलं, आणि सगळा कळप मुकाट मागं गेला. मागोमाग शेळ्यावालाही. आम्ही खूप हसलो.

माणसांचं तसं नव्हतं. विमान उतरलं, की लोकांच्या लेखी धोका संपला. खरा धोका तिथून पुढं असतो. विमान चाकांवर चालत जागेवर येतं, तेव्हा त्याच्या इंजिनांचे पंखे जोरात फिरत असतात, आणि फिरता पंखा डोळ्यांना दिसत नाही. तिथं मोकळी हवाच आहे असं वाटतं. म्हणून आम्ही पट्टीच्या कडेला चुन्याची जाड रेघ मारली. भागवत रोज रेघेवर उभा राहून लोकांना समजावायचा. "मामा, ही यष्टी न्हाई. रुमाल टाकून जागा धरायची न्हाई. तुमची जागा कुनी पळवत न्हाई. इमान उभं राहू द्या, पंखे थांबू द्या, मग मीच तुमाला नेतो." लोक हसायचे आणि ऐकायचेही.

एके दिवशी रंगनाथ नावाचे एक शेतकरी लेकीला बाजेवर घालून घेऊन आले. मीरा तिचं नाव. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि अंगावरून जाणं थांबत नव्हतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी तिला पहिल्याच फेरीत घेतलं आणि तसं रंगनाथना सांगितलंही. त्यांनी मान हलवली. पण विमानात जागा किती आणि बाहेर माणसं किती, हे त्यांना दिसत होतं. उभा जन्म एसटीत काढलेला माणूस. जागेवर टॉवेल पडल्याशिवाय जागा आपली, हे त्यांच्या मनाला पटेना.

विमान दोन इंजिनांचं, छोटं. पायलट फ्लाइट लेफ्टनंट, एक तरुण बाई.

रेडिओवर त्यांनी विचारलं, "ग्राउंड, रनवे क्लिअर?"

"क्लिअर, मॅडम."

विमान टेकलं, टोकाला जाऊन वळलं आणि माझ्याकडे यायला लागलं. मी समोर उभा राहून हात वर केले. एवढ्यात डावीकडून रंगनाथ रेघ ओलांडून सुटले. खांद्यावरचा टॉवेल हातात, नजर दारावर. दार विमानाच्या पंखामागं होतं आणि तिकडं जायच्या वाटेत इंजिनाचा फिरता पंखा.

मी हातांची फुली केली, लगेच गळ्यावरून हात फिरवला. थांबा, इंजिन बंद. पायलट बाईंनी त्याच क्षणी ब्रेक मारला, इंजिन बंद केलं. पण इंजिन बंद झालं म्हणून पंखा लगेच थांबत नाही.

भागवत रेघेवरून धावला. "मामा, मागं!" एवढंच तो ओरडला. त्यानं रंगनाथना कॉलरला धरून मागं फेकलं. त्या झटक्यात तो स्वतः पुढं गेला, आणि पंखा त्याला लागला.

मी रेडिओ उचलला. "मॅडम, कॅज्युअल्टी. आमचा माणूस."

"जिवंत?"

"नाही, मॅडम."

ते विमान आता उडणार नव्हतं. मी हेलिकॉप्टर मागवलं. ते येईपर्यंत मीराचं काय होणार, या धास्तीनं डॉक्टर मॅडम तिच्याजवळून हलल्या नाहीत. मला रडायचं होतं, पण शेकडो माणसं रेघेवर उभी होती आणि हेलिकॉप्टरसाठी जागा मोकळी करायची होती. ती मी केली. कुणाला मागं सरका म्हणावं लागलं नाही.

हेलिकॉप्टरमध्ये एका बाजूला मीराचं स्ट्रेचर ठेवलं, दुसऱ्या बाजूला भागवतचं. सोबत एक नातेवाईक चालेल, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं. रंगनाथ रेघेअलीकडे उभे होते. पंखे थांबले होते, तरी त्यांचं पाऊल उचलेना. शेवटी मी गेलो आणि हाताला धरून त्यांना आत बसवलं. त्यांचा टॉवेल पट्टीवरच राहिला.

मीरा वाचली. तिला मुलगी झाली.

लोक मला विचारतात, रंगनाथचा राग येत नाही का? पहिल्या वर्षी लई आला. मग ते एकदा माझ्या दारात येऊन दिवस मावळेपर्यंत बसून राहिले, आणि राग गेला. भागवत मात्र मनातून गेला नाही. अजून कुठं विमानाचा आवाज आला, की मी आधी डावीकडे बघतो.

दरवर्षी भागवत गेला तो दिवस आला की रंगनाथ सिरसाळ्याहून धारूरला येतात, आणि आम्ही दोघं एसटीनं पाटोद्याकडे त्याच्या आईला भेटायला जातो. यंदा रंगनाथांची नातही, मीराची पोर, बरोबर होती. गाडी स्टँडात वळली तशी सगळी गर्दी तिच्या अंगावर धावली. खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या आत पडायला लागल्या. पोर आज्याचा हात ओढायला लागली.

"आबा, चला की. जागा जाईल."

"जाऊ दे, बाळा," रंगनाथ म्हणाले. "आधी गाडी उभी राहू दे."

पाटोद्यापर्यंत आम्ही उभ्यानं गेलो.