होय, आप्पा घाबरत होते

म्हाळूआप्पा गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला, नववीच्या तासाला. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, दौंडहून फोन आहे." ऑफिसात जाऊन रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडे आप्पांचा मुलगा किसन. "मास्तर, आप्पा गेलं," म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत, त्याच दमात, "घोडीनं खाल्लं शेवटी." मी फोन आपटला. ज्याचा बाप गेलाय त्याच्यावर फोन आपटू नये, एवढं मलाही कळतं... पण आपटला, आणि आता दीड महिना होत आला तरी त्याचा पश्चात्ताप होत नाही. कारण आप्पा गेले ते दौंडमधल्या एका दवाखान्यात, खाटेवर, हृदय बंद पडून. लेकीकडे गेले होते. चार दिवस छातीत कळ येत होती आणि सगळे 'पित्त असेल' म्हणून सोडा पाजत होते. घोडी त्या वेळी आमच्या न्हावऱ्यात, त्यांच्या गोठ्यात कडबा खात उभी होती. इतक्या लांबून तिने माणूस कसा खाल्ला, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दहाव्याला तर कहर झाला. आमच्या भागात दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं होतात. पिंडाला कावळा शिवायचा खोळंबतो, पण माईक खोळंबत नाही. ज्यांनी आप्पांना आयुष्यात दोनदा पाहिलं असेल असे एक पुढारी उभे राहिले आणि म्हणाले, "आप्पांना भीती हा शब्द ठाऊक नव्हता." लोकांनी माना डोलावल्या. मी दात-ओठ खात बसलो होतो. अहो, काय बोलता? ज्या माणसाने स्वतःच्या भीतीला रोज सकाळी समोर उभं केलं, तिच्यापुढे घाम गाळला, ओकाऱ्या काढल्या, त्याला तुम्ही सांगता की त्याला ती ठाऊकच नव्हती? त्या माणसाची सगळी मेहनत एका वाक्यात पाण्यात! त्या दिवशी मी उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

आप्पा जातीने धनगर. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. आप्पांच्या वाट्याला थोडी जिराईत आली आणि घोड्यांची ओढ आली. आमच्याकडे बैलगाड्यांची शर्यत होते ती चढाच्या मातीच्या वाटेवर, तिला घाट म्हणतात. बैलांच्या पुढे एक घोडी पळवतात. बैल तिच्या मागे सुटतात. ती जितकी जोरात, तितके ते जोरात. अशा एका धावेला म्हणायचं बारी. घोडीवरच्या माणसाला मागे वळून बघायची सोय नसते, पण मागून काय येतंय ते त्याला पाठीवर कळत असतं. वीस-बावीस वर्षं आप्पा आमच्या बैलांपुढे बसले. आमच्या म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या. बक्षिसाची ढाल आमच्या ओसरीवर लागायची आणि आप्पांना फेटा-नारळ मिळायचा. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटत नव्हतं, हेही सांगून टाकतो.

ती यात्रा नव्वदच्या दशकातली, मधल्या कुठल्यातरी वर्षातली. सकाळची बारी आमची झाली होती, दुपारी परत जुंपायचं होतं. आप्पा म्हणाले, "दादा, घोडी दमली हाय. जरा दम खाऊ द्या तिला." दादा म्हणाला, "आप्पा, नंबर गेला तर परत घावायचा न्हाई. बसा!" आप्पा बसले. अर्ध्या घाटात घोडी ठेचाळली. आप्पा खाली, वरून चार बैल आणि त्यांच्यामागे गाडीचं चाक... धुरळा बसायच्या आत दादा धावला, त्याच्यामागे मी. दादाच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "बैलाला लागलं का रं?" आणि मी, बी.एड. झालेला, मुलांना मूल्यशिक्षण शिकवणारा मी, वाकून बैलाच्या पायावरून हात फिरवत होतो. आप्पा पाच-सहा हातांवर पडले होते, शुद्धीवर. त्यांनी दादाचं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. घोडीचा पुढचा पाय मोडला होता. ती परत उठली नाही.

आप्पांच्या मांडीचं मोडलेलं हाड जुळायला आठ महिने लागले आणि पाय बोटभर आखूड झाला तो झालाच. पुढची चार वर्षं त्यांनी घोड्याला हात लावला नाही. शिरूरला जायचं तर एसटीने. समोरून वरातीचं घोडं आलं तर रस्ता ओलांडून पलीकडे. गावाच्या ते लक्षात आलं आणि मग काय विचारता! चहाच्या टपरीवर आप्पा कपबशी उचलायचे तेवढ्यात मागून कुणीतरी "आप्पा, घोडी आली!" म्हणून ओरडायचा. बशीतला चहा धोतरावर. सगळी टपरी हसायची. त्या हसणाऱ्यांत मीही एकदा होतो. दोनदा, खरं तर. आप्पा धोतर झटकायचे, पैसे ठेवायचे आणि लंगडत निघून जायचे. दादाला मी एकदा म्हटलं की आपण त्यांच्यासाठी काही करायला हवं, तर तो म्हणाला, "फेटा पाठवला व्हता की."

पुढे आप्पांची लेक दौंडला दिली. तिच्याकडे जाताना एकदा त्यांनी मला सोबत नेलं. शेजारच्या परसात एक काळसर घोडी बांधलेली होती, वर्षभर गिऱ्हाईक नसलेली. आमच्याकडे घोडं घेताना दात नंतर बघतात, आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतात. हिच्या डाव्या डोळ्याखाली भोवरा होता. डोळ्याखालचा भोवरा म्हणजे आसवं गळायची जागा. असं जनावर धन्याला रडवतं म्हणे. शिकलेसवरलेले लोकही हे मानतात, माझ्या स्टाफरूममध्येही आहेत. आप्पा लांब भिंतीला टेकून तासभर तिच्याकडे बघत राहिले. मालक जवळ गेला की ती मागे सरून थरथरायची. शेवटी ते म्हणाले, "मास्तर, भवऱ्याचं ऱ्हाऊ द्या. हिला कुणीतरी लई मारलंय. ती माणूस दिसला की कापती, मी घोडं दिसलं की कापतो. जमंल आमचं."

बसता तर येत नव्हतं, मग तिला दोरीला धरून चालवत आणली. दौंडहून केडगाव, पारगाव, नागरगाव, आलेगाव पागा करत दोन दिवस, त्या आखूड पायाने. मी एसटीने पुढे निघून आलो, शाळा होती म्हणून. शाळा काय, रजा टाकता आली असती. घोडी दारात आल्यावर त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना मामी म्हणतो, कपाळावर हात मारून घेतला. गाव म्हणालं, म्हाताऱ्याने अपशकुन दावणीला आणून बांधला. आप्पांनी तिचं नाव ठेवलं सगुणा. कुणी भोवऱ्याचं काढलं की म्हणायचे, "नाव सगुणा हाय तिचं," आणि विषय बंद.

मग एक दिवस मला शाळेच्या फाटकाशी गाठून म्हणाले, "मास्तर, सकाळी तुमच्या रानात याल का? कुणाला बोलू नका." ऊस तुटून गेलेलं आमचं रान ओढ्याच्या पलीकडे होतं, तिथे कुणी फिरकत नसे. मी घोडीचा लगाम धरून उभा राहायचो. आप्पा खोगीर घालायचे, तिच्या पोटाखालून तंगाचा पट्टा ओढायचे, डावा पाय रिकिबीत ठेवायचे... आणि पुढे काहीच नाही. मानेवरून घाम ओघळायचा, ओठ पांढरे पडायचे. त्यांचा पाय थरथरला की घोडी बुजून दोन पावलं सरकायची, की यांचा पाय खाली. परत पहिल्यापासून. पहिल्या दिवशी ते बांधावर जाऊन ओकले. तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "आज एवढंच." दुसऱ्या दिवशीही एवढंच. आठ-दहा दिवस असे गेल्यावर माझाच संयम सुटला. मी म्हणालो, "आप्पा, अहो वीस वर्षं डोळे झाकून बसत होतात, आता काय झालंय?" त्यांनी रागावून नाही, नीट समजावल्यासारखं सांगितलं, "तवा मला ठावं न्हवतं, मास्तर. आता ठावं हाय." मी परत लगाम धरला. त्यानंतर मी कधी घाई केली नाही, एवढं एक बरं काम माझ्या हातून झालं.

बाराव्या की तेराव्या दिवशी ते वर बसले. पाच आकडे मोजले असतील-नसतील, उतरले आणि घोडीच्या मानेला कपाळ टेकवून बराच वेळ उभे राहिले. मग रानाचा एक फेरा, मग दोन. मग ओढ्यापर्यंत. एकदा पडले, ढेकळांत, मी धावलो तर हात वर करून म्हणाले, "थांबा, मला माझं उठू द्या." अडीच महिन्यांनी ते दुडक्या चालीने रान पार करून परत आले तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं आणि अंगातला सदरा पिळून काढावा इतका ओला होता. भीती गेली का, असं मी विचारलं. "जातीय कुठं? मागं बसवलीय तिला."

गावात कळलंच. दादा लगेच त्यांच्या दारात गेला, यात्रेत आपल्या बैलांपुढे बसा म्हणून. मला वाटलं आप्पा हाकलून देतील. मी असतो तर दिलं असतं. पण ते म्हणाले, "एकच बारी. मागच्या टायमाला मला घाटातनं खाटंवर नेलं व्हतं. एकदा वर जाऊन माझ्या पायानं उतरायचंय." त्या दिवशी बारीच्या आधी ते एका बाभळीमागे जाऊन आले, का गेले होते ते फक्त मला माहीत होतं. आणि मग सगुणा सुटली. मी बैलांकडे बघितलं नाही. बारी झाली, नंबर आला, घाटाच्या माथ्यावर आप्पा उतरले, एकटे, कुणाचा हात न घेता. दादा गुलाल आणि फेटा घेऊन धावत आला. आप्पांनी फेट्याला हात लावला नाही. म्हणाले, "दादा, तवा तुम्ही आधी बैलाकडं बघितलं." इतक्या वर्षांत एवढंच एक वाक्य. दादा जरा चपापला, मग म्हणाला, "आप्पा, बैल मुकं जनावर. त्याला लागलं तर सांगता येत न्हाई." माझा भाऊ हे उत्तर दोनशे माणसांसमोर देऊ शकला! आप्पांनी घोडीला पाणी पाजलं आणि तिला चालवत घरी नेलं. घाटात परत कधी गेले नाहीत.

त्यानंतरची वर्षं ते सगुणेवर बसून फक्त फिरायचे. बाजाराला, मळ्यात, एखाद्या लग्नाला. लोक म्हणायचे, बसता येतं तर घाटात का जात नाही, भ्याला म्हातारा. मी म्हणतो, माणसाने आयुष्यभर सिद्धच करत राहायचं का? आणि कुणापुढे, टपरीवरच्या टाळक्यांपुढे?

दहावा झाल्यावर चार दिवसांत किसनने घोडी विकायला काढली. तो सणसवाडीला कंपनीत आहे. मला म्हणाला, "मास्तर, माझी शिफ्ट, आन् घरात बायामाणसं भित्यात तिला. लोक काय काय बोलत्यात." गिऱ्हाईक आलं, त्याने डोळ्याखाली बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणे फुकट न्या कुणीतरी, नाहीतर सोडून देतो हायवेला. शिक्रापूरच्या त्या ट्रकांच्या गर्दीत! मी तिचं दावं सोडलं. मामी दारात होत्या, त्यांनी आतून खोगीर आणून माझ्या खांद्यावर ठेवलं. रडत होत्या, पण म्हणाल्या, "न्या. तुमच्या वळखीची हाय ती."

दादा अंगणात आडवा उभा राहिला. ही अवदसा आपल्या दारात नको म्हणाला. मी म्हणालो, दार माझंही आहे. पंचावन्न वर्षांत मी त्याला पहिल्यांदा उलटून बोललो असेन. घोडी गोठ्यात आली, आता आमच्या बैलांच्या शेजारी बांधलेली असते.

पण घोडी नुसती बांधून ठेवत नाहीत, तिला फिरवावं लागतं. मी आयुष्यभर लगाम धरला, वर कधी बसलो नाही. परवा रविवारी खोगीर घातलं, तंग ओढला आणि पाय रिकिबीत ठेवला. पाय थरथरायला लागला. मी वाट बघत होतो की आता ती सरकेल. ती सरकली नाही. कान मागे करून, चारही पाय रोवून उभी राहिली, जणू हे सगळं होणारच होतं आणि तिला कसलीही घाई नव्हती. आप्पांनी तिला हे कधी शिकवलं, किती दिवस शिकवलं, मला ठाऊक नाही. मी नसतानाही ते तिला घेऊन रानात जात असणार. ओसरीवरून दादा ओरडला, "आरं, बस की! नुसता काय उभा ऱ्हायलाय?"

"भीती वाटतीय मला," मी म्हणालो. मोठ्याने, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. घोडी तशीच उभी होती.