येऊन राहिलेला वास

कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आमच्या यवतमाळकडे पाहुणा म्हणजे चार दिवसांनी जाणारा. शाहूपुरीतल्या ज्या खानावळीत मी चहा-भात करायला होतो, तिच्या मालकिणीला सगळे मावशी म्हणत. पावसाळा उलटून गेला तरी ती मला "पावणं, भात उतरला का?" असंच विचारायची. मी सातवीतून शाळा सोडलेला, घर रेल्वेनं दीड दिवस लांब. तिनं भांड्यांमागं झोपायला जागा दिली, दोन वेळा पोटभर जेवू घातलं. ते उपकार अजून फिटले नाहीत. पण तिच्या प्रत्येक 'पावणं'मध्ये मला 'निघताय कधी?' एवढंच ऐकू यायचं.

त्यातच चहाला रॉकेलचा वास यायला लागला.

"पावणं, स्टोव्ह पेटवून हात धुतला न्हाईसा व्हय?" एका ड्रायव्हरनं विचारलं. शेजारच्या आवारात एका मालकाचे ट्रक उभे राहत. त्याचे ड्रायव्हर-क्लीनर आमच्याकडे जेवत, खानावळ त्यांच्यावरच चाले. मावशीनं माझे हात ओढून हुंगले. "मला काय कळतंय!" ती म्हणाली. वर्षानुवर्षं तपकीर ओढून तिचं नाक कामातून गेलेलं. "पर गिऱ्हाईक खोटं बोलंल व्हय?"

मी राखेनं हात घासले. मग चिंचेनं. मग दोन्हींनी. जितके धुवावेत तितका वास वाढे. धुवायचं पाणी मागच्या विहिरीचंच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुणाच्याही नाही. तांबड्या रश्श्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं, त्यात काहीही लपतं. आरोप होता चहावर, आणि चहा माझा.

एकदा तांदूळ आणायला मावशीनं मलकापूरला धाडलं. एस्टीत मी सारखा हात हुंगत होतो. शेजारचा माणूस उठून मागं जाऊन बसला. परत आलो तर मावशी दारातच उभी. वाटलं, आटोपलं.

"आज च्या म्याच केलता," ती म्हणाली. "सकाळधरनं समदी मलाच बोलाय लागल्यात. चल हिरीवर."

विहिरीत पाण्यावर मोरपिशी रंगाची साय धरली होती. रोज जेवायला येणारे एक रिटायर मास्तर वाकून बघत म्हणाले, "तेल लागलंय! समुद्रात लागतंय, तर शाहूपुरीत का न्हाई?" दुसऱ्या दिवशी डबे घेऊन रांग लागली. रेशनला रॉकेल नव्हतंच. विहिरीतलं तेल घातलं की चिमणी तडतडायची आणि विझायची. लोक म्हणाले, कच्चं हाय, मुरू द्या.

मग पाणीखात्याचा साहेब आला. ट्रकमालकानं आवारात डिझेलची टाकी पुरली होती. साहेबाचं म्हणणं, तीच गळते. मालकाचं म्हणणं, "लोखंड हाय त्ये, धोतर न्हवं!"

विहिरीपासून टाकीपर्यंत ओळीनं खड्डे खणायचं ठरलं. ज्या खड्ड्यांतल्या मातीला वास, त्या वाटेनं तेल आलं. पण हुंगायचं कोणी? साहेबाला सर्दी. मावशीला तपकीर. मजूर म्हणाले, मजुरीत नाक धरलेलं न्हाई. मालकाच्या नाकावर साहेबाचा भरवसा नव्हता.

"पावणं हाईत की," मावशी म्हणाली. "त्ये कुणाच्यातलं न्हवंत."

पहिल्या खड्ड्यातलं ढेकूळ मी नाकाशी धरलं.

"येतोय न्हवं?" साहेबानं विचारलं.

"येतो, साहेब."

"न्हाई न्हवं येत?" मालक कानाशी म्हणाला.

"तसा नाही."

काय करणार? घरून येताना मिरजेहून पुढं मी त्याच्याच ट्रकमधून फुकट आलो होतो. असं करत शेवटच्या, टाकीलगतच्या खड्ड्यापाशी आलो. तिथली माती काळी, चिकट. मालक कमरेवर हात ठेवून समोर उभा. हो म्हणावं तर तो आपली माणसं दुसऱ्या खानावळीत धाडणार, मावशी बुडणार आणि मी गावी. नाही म्हणावं तर विहीर तशीच, चहा तसाच आणि मी गावीच. घाबरलो की माझी शाळेतली भाषा पळून जाते. तोंडून आमच्याकडचं निघालं, "वास येऊन राह्यला ना जी."

"कोण येऊन ऱ्हायला?" मालक म्हणाला.

"वास."

"कुठनं येऊन ऱ्हायला?"

मी टाकीकडे बोट केलं.

"म्हंजे आमचा वास मावशीकडं बिऱ्हाड करून ऱ्हायला म्हन की!" तो पोट धरून हसायला लागला. "मावशी, भाडं घ्या त्येचं!" एवढं हसल्यावर त्याला नाही म्हणता येईना. टाकी उकरली. बुडाला नारळाच्या डोळ्याएवढं भोक होतं. "बारकं हाय," तो म्हणाला, पण माणसं त्यानं हलवली नाहीत.

भिजलेली माती गावाबाहेर नेऊन उन्हात पसरली. ती उलटीपालटी करायला क्लीनर बसवले. काय वाळत घातलंय, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "डिझेल." विहिरीसाठी इचलकरंजीहून मागांवरच्या टाकाऊ सुताची पोती आणली. पोतं दोरानं सोडायचं, तवंग प्यायलं की ओढायचं, पिळायचं, पुन्हा सोडायचं. मग विहीर उपसायची, भरू द्यायची आणि मी हुंगायची. थंडी गेली, उन्हाळा गेला. स्वयंपाकाला मी लांबच्या नळावरून पाणी वाहत होतो. साहेब आला की विहिरीच्या पाण्याचा चहा करून त्याच्यापुढं धरायचो. त्यानं तो कधीच घेतला नाही.

एका सकाळी त्या चहाला नुसता चहाचाच वास आला. पुन्हा करून पाहिला, तरी तेच. पाणी वाहायला मी, हुंगायला मी. दोन्ही कामं संपली होती. तो कप मावशीला नेऊन दिला. तिनं तपकिरीच्या नाकानं गंभीरपणे हुंगला आणि एका दमात संपवला.

"पावणं, बसा की," ती म्हणाली.

मी बाकावर बसलो. आता 'निघा' म्हणणार, असं वाटलं.

"तू कशाला बसतोस?" ती ओरडली. माझ्या मागं दारात एक नवं गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभं होतं. "त्यास्नी म्हनलं म्या! तू काय पावणा हाईस व्हय? तू तर येऊन ऱ्हायलास की. ऊठ, च्या टाक!"