फाल्गुनातली छत्री

पाठीच्या दुखण्यासाठी मी रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात जायची, तेव्हा ती बाई दिसायची. भर फाल्गुनात तिच्या हातात काळी छत्री. स्वतः उन्हात चालायची आणि सावली आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीवर धरायची. एकदा रांगेतली म्हातारी म्हणाली, "काय गो, पाऊस सोबत घेऊन आलीस काय?"

ती हसली. "पाऊस चालतो हो आजी. हिला ऊन चालत नाही."

मग बाकावर बसून तिने सांगितलं. मुलीला ल्युपस होता, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. ऊन लागलं की गालांवर लाल चट्टे उठायचे, सांधे धरायचे. दुखणं किडनीपर्यंत पोचलं होतं, म्हणून दर खेपेला लघवी तपासून डॉक्टर गोळ्या कमी-जास्त करायचे. गोळ्यांनी तोंड सुजायचं. मागच्या शिमग्याला तोंडावरची सूज उतरावी म्हणून पोरीने गोळ्या गुपचूप बंद केल्या. पाय सुजले, आणि गावदेवीची पालखी दारात आली तेव्हा ती दवाखान्यात होती.

मुलगी पुटपुटली, "यंदा पालखी खिडकीतूनच बघायची ना?"

"मानकऱ्यांना सांगितलंय मी. आपल्या दारात पालखी दिवस मावळल्यावर येईल. देवी तुझ्यासाठी थांबेल गो, हा आजार थांबायचा नाही. गोळी चुकवू नको."

त्या दिवशी डॉक्टरांनी अर्धी गोळी कमी केली. बाहेर पडताना मुलीने छत्री आईकडून घेऊन स्वतः उघडली. आई मात्र सवयीने बाजूला सरकून उन्हातूनच चालू लागली.