मागे घेतलेला प्रश्न

सभेत बाकं वाजवायची पद्धत कुणी काढली कुणास ठाऊक, पण तो माणूस मला भेटला तर मी त्याला त्याच बाकावर दिवसभर उभा करीन. आता माझी पन्नाशी आली, तरी कुठल्याही सभागृहात बाकं वाजली की मी उठून बाहेर जाते. लोकांना वाटतं, बाईला कुठंतरी जायची घाई आहे. घाई कसली आलीय? एकदा ऐकलेली बाकं मला पुन्हा ऐकवत नाहीत.

नव्वदच्या दशकात बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि आमच्या भागातून आई पंचायत समितीवर निवडून आली. आमचं गाव कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या पलीकडचं, ऊस आणि दुधावर चालणारं. आईची शाळा सातवीपर्यंतची. गावकऱ्यांनी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भरीला घातलं म्हणून ती उभी राहिली. सगळ्यांनी मनात धरलं होतं, सही बाईची आणि कारभार आण्णांचा. तेव्हा बहुतेक ठिकाणी तसंच चालायचं. बाई डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसायची आणि नवरा मागच्या भिंतीकडच्या बाकावरून बोलायचा. आण्णांनी पहिल्याच सभेच्या दिवशी त्यावर पाणी फिरवलं. "लोकांनी शिक्का तुझ्या नावावर मारलाय. मी काय तिथं बसून माश्या मारू? पोरीला घिऊन जा की," असं म्हणाले आणि म्हशीच्या धारेला बसले. मग कॉलेज बुडवून मी आईबरोबर जायला लागले आणि त्या नवरेमंडळींच्या बाकावर बसायला लागले. तिथला तंबाखूचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

सभेत एकेका खात्याचे साहेब उभे राहून आपापला आढावा वाचायचे. शाळा, पाणी, दवाखाने, रस्ते. ऐकत राहिलं तर वाटावं, रामराज्य आलंय आणि आपल्यालाच कुणी कळवलेलं नाही. सदस्याला काही विचारायचं असेल तर त्याने सभेआधी प्रश्न लेखी द्यायचा. मग सभापती नाव पुकारणार, साहेब उभं राहून उत्तर देणार आणि ते इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या वहीत, उतरणार. आईला हे फार आवडलं. "आपुन इच्यारलं की त्यास्नी उभं ऱ्हावं लागतंय," असं ती घरी येऊन कौतुकाने सांगायची. तिने हातपंपाचं विचारलं, बालवाडीच्या गळक्या छताचं विचारलं. बोलताना तिचा आवाज थरथरायचा, पण उत्तर मिळाल्याशिवाय ती खाली बसायची नाही. हातपंप दुरुस्त झाला तेव्हा गावातल्या बायका तिला 'मेंबर वहिनी' म्हणून चिडवायला लागल्या. आई लाजायची आणि तरी तिला ते हवं असायचं.

माझी थोरली बहीण, अक्का, कोल्हापुरात शिवाजी पेठेत दिलेली. तिच्या सासरहून मोठा सरकारी दवाखाना हाकेच्या अंतरावर. अक्काला दिवस गेले तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "हितंच राहू दे की, दवाखाना जवळ हाय." पण पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. आई हट्टाला पेटली. "पयलं बाळातपण आईच्या हातचंच. न्हायतर लोकं तोंडात शेण घालतील माझ्या." अशी भांडून तिला घेऊन आली. त्यात तिचं काय चुकलं? आमच्याकडची कुठलीही आई तेच करती. शिवाय आमच्या गावात आरोग्य केंद्र होतं, केंद्राला गाडी होती. गाडी आहे म्हणून आई निर्धास्त होती.

दसरा नुकताच होऊन गेला होता. अक्काला भर दुपारी केंद्रात नेलं. मुलगी झाली, खणखणीत रडली, सिस्टरने कपड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. त्यानंतर अक्काच्या अंगावरून जायचं थांबेना. सिस्टर म्हणाली, आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला हलवा. आम्ही बाहेर पळालो. गाडी दारातच होती, पुसून लख्ख, खंडेनवमीचा झेंडूचा हार अजून पुढच्या बाजूला वाळून लोंबत होता. ड्रायव्हर हात जोडून उभा राहिला. "टाकी कोरडी हाय वो. डिझेलचं वरनं मंजूरच झालं न्हाय. मी काय करू?" तोही रडकुंडीला आला होता, त्याला तरी काय बोलणार. आण्णा दुधाचा टेम्पो आणायला धावले. टेम्पो सापडला, कॅन उतरवले, आत गादी टाकली. वाटेतलं उचगाव मागे पडेपर्यंत आईच्या मांडीवरच अक्काचा हात गार झाला. मी बाळ छातीशी धरून समोर बसले होते आणि आई सारखी तोच हात चोळत होती.

दिवस झाल्यावर अक्काच्या सासूबाई आल्या आणि बाळाला घेऊन निघाल्या. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "हट्टानं आणलासा आणि हातानं घालवलासा. येळेवर दवाखान्यात न्ह्यायला झालं न्हाय तुमास्नी?" आईने गाडीचं सांगितलं. त्यांना ते पटेना. "मेंबरच्या गावात गाडीला डिझेल न्हाय व्हय? कोण खरं मानंल?" या घराची पायरी नात पुन्हा चढणार नाही, असं बजावून त्या गेल्या. मला तेव्हा त्यांचा संताप आला होता. आज वाटतं, त्यांचीही सून गेली होती, त्यांना कुणावर तरी राग काढायला हवा होता.

मग आईने मला जवळ बसवून प्रश्न लिहायला लावला. आरोग्य केंद्राची गाडी त्या दिवशी डिझेलअभावी जागेवर उभी होती, हे खरे आहे काय? असल्यास, त्यास जबाबदार कोण? अक्काचं नाव घालू का, असं मी विचारलं. "नको. नाव वाचलं तर रडू यील. मला तिथं रडायचं न्हाय," आई म्हणाली. तिला भरपाई नको होती, कुणाची नोकरी घालवायची नव्हती. साहेबाने सगळ्यांसमोर उभं राहून 'होय, हे खरे आहे' म्हणावं आणि ते घेऊन शिवाजी पेठेत जावं, एवढंच तिच्या मनात होतं. त्या एका 'होय'वर नात मिळेल, असं ती धरून चालली होती.

सभेच्या आदल्या संध्याकाळी सभापती आणि तालुक्याचे आरोग्य अधिकारी आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसले. हीसुद्धा एक रीतच. अडचणीचा प्रश्न सभेत येण्याआधी सदस्याच्या घरी चहाबरोबर मिटवायचा, आणि त्याला 'समजूत काढणं' असं गोड नाव. सभापती म्हणजे साखरेत घोळलेला माणूस. "वहिनी, तुमचं दुःख डोंगराएवढं हाय, मी नको म्हणत न्हाय. पण जरा फुडचं बघा की. उत्तर वहीत आलं की चौकशी लागणार. चौकशी लागली की ड्रायव्हर घरात आणि गाडी केंद्राच्या दारात. ती मिटंपर्यंत गावाला गाडी न्हाय. त्यापेक्षा प्रश्न मागं घ्या. नवी गाडी देतो, डिझेलची कायमची सोय करतो, दुसरी सिस्टर देतो. माझा शब्द." अधिकारी मान खाली घालून कपातल्या चहाकडे बघत होते. सभापतींनी आण्णांकडे पाहिलं तसे आण्णा म्हणाले, "माझ्याकडं काय बघताय पावणं? प्रश्न तिचा हाय, तिलाच इच्यारा."

ते गेल्यावर आई कपबशा घेऊन परसात गेली. कुंपणापलीकडे शेजारची सून दोरीवरची धुणी काढत होती. तिला आठवा महिना होता. तिला माहेर उरलं नव्हतं, त्यामुळे ती इथंच बाळंत होणार होती. आई कपबशा हातात घेऊन तिच्याकडे बघत उभी राहिली आणि ती काय ठरवतेय ते मला कळलं. मी आईवर भडकले. अक्काचं काय, तुझ्या नातीचं काय, ही माणसं तुला शेंडी लावतायत, तोंडाला येईल ते बोलले. आई एवढंच म्हणाली, "अक्काला कोण आणून देणार हाय का? हिच्यासाठी तरी गाडी येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सभापतींनी नाव पुकारलं. आई उभी राहिली. तिने पदर सारखा केला, घसा खाकरला, हातातल्या कागदाकडे पाहिलं. मला वाटलं, वाचेल. अजूनही वाचेल. "मी माझा प्रश्न मागं घेतो," ती म्हणाली आणि खाली बसली.

आणि बाकं वाजली. सगळ्या सदस्यांनी वाजवली, माझ्या शेजारच्या नवऱ्यांनीसुद्धा वाजवली. एकजण 'वा वहिनी, ह्याला म्हणत्यात मोठं मन' असंही ओरडला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. पण माझ्या बहिणीच्या मरणावर ती बाकं वाजत होती आणि आई खाली मान घालून कागदाची बारीक बारीक घडी घालत होती. मग चहा आला, भजी आली. मग आरोग्य अधिकाऱ्यांनी उभं राहून नेहमीचा आढावा वाचला. त्यात होतं, तालुक्यातील सर्व केंद्रांची वाहने सुस्थितीत असून वर्षभरात कोणतीही तक्रार नाही. साहेबांनी ते मुद्दाम वाचलं, असं मी म्हणत नाही. दरवेळी तेच वाचायचे, त्याही वेळी वाचलं. आईला त्यावर बोलता येईना, कारण ज्यावर बोलायचं तो प्रश्नच ती मागे घेऊन बसली होती.

आढाव्यातली ती ओळ पेपरात आतल्या पानावर छापून आली. शिवाजी पेठेतून लगेच निरोप आला. "आता सरकारच सांगतंय की गाडी चांगली हुती. तुमीच न्हेलं न्हाय."

सभापतींनी शब्द पाळला, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. गाडी आली, सिस्टर आली, टाकी पुन्हा कोरडी राहिली नाही. शेजारच्या सुनेला आयत्या वेळी कोल्हापूरला हलवावं लागलं. त्या गाडीतून ती गेली आणि मुलगी घेऊन सुखरूप परत आली. पहिला पेढा तिने आईच्या हातावर ठेवला. आईने तो खाल्ला आणि पोरीवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. पुढच्या निवडणुकीला आई काही केल्या उभी राहिली नाही. ती बाजाराचं निमित्त काढून कोल्हापूरला जायची, शिवाजी पेठेत एका तालमीच्या कोपऱ्यावर थांबायची आणि शाळेतून येणारी नात लांबून बघून परत यायची. पिशवीत भाजी आणायला मात्र बऱ्याचदा विसरायची.

दोन हजार सालानंतर अक्काच्या सासूबाई वारल्या आणि आमच्या मेव्हण्यांचं, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचं, मन थोडं पाघळलं. गावच्या यात्रेला ते नातीला घेऊन आले. अक्काचेच डोळे, अक्काचंच फटकळ बोलणं. आई दिवसभर तिच्याभोवती फिरत होती. काय खाऊ घालू आणि काय नको असं तिला झालं होतं. शेजारची मुलगी आमच्याकडे खेळायला आली. दोघी एका वयाच्या, त्यांचं लगेच जमलं. सोप्यात बसून दोघी एका ताटातला भडंग खात होत्या, तेवढ्यात रस्त्यावरून आरोग्य केंद्राची गाडी गेली.

नातीने विचारलं, "आजी, ही गाडी माझ्या आईच्या वेळंला न्हवती?"

आईने तिला सगळं सांगितलं. हार घातलेली गाडी, कोरडी टाकी, दुधाचा टेम्पो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला ते विचारलं होतं. नातीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तू तर मेंबर हुतीस न्हवं? मग त्यांना विचारलं का न्हाईस?"

मी तोंड उघडलं, तर आईने माझा हात दाबून धरला. ती शेजारच्या मुलीकडे बघत होती. ती पोर ताटातले शेंगदाणे वेचून नातीच्या बाजूला सारत होती. प्रश्न कुणासाठी मागे घेतला, ते तिच्या देखत काय सांगणार?

"चुकलं माझं, बाळ," आई म्हणाली. "इच्यारायला पायजे हुतं."

नातीने मान हलवली. पुढच्या यात्रेला आईने पुरणाचं सगळं करून ठेवलं होतं, पण नात आली नाही.